पेटंटची लढाई रुग्णांनी जिंकली. पण हरकतीची वाट अरुंद

नवी दिल्ली : जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, २३ मार्च २०२३ रोजी, भारतीय पेटंट कार्यालयाने जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा एक अर्ज फेटाळला. प्रतिरोधी क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाच्या विशिष्ट क्षाररूपासाठी कंपनीला दुसरे पेटंट हवे होते. त्याला २०१९ मध्ये हरकत घेतली होती मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोघींनी. जुन्या उपचारांच्या दुष्परिणामांमुळे दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली गेली होती.

या निकालाचे मोल मोठे आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपले. दुसरे मिळाले असते, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. जेनेरिक औषध उपलब्ध होताच जागतिक खरेदी यंत्रणेसाठी सहा महिन्यांच्या मात्रांची किंमत सुमारे १३० डॉलरपर्यंत उतरली.

हे शक्य झाले ते पेटंट कायद्यातील दोन तरतुदींमुळे. ज्ञात औषधाचे नवे रूप अधिक गुणकारी असल्याखेरीज कलम ३(डी) त्याला पेटंट देत नाही. तर कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. मात्र मार्च २०२४ च्या सुधारित नियमांनी पूर्वी विनामूल्य असलेल्या या हरकतीला शुल्क लावले असून, ती दखलपात्र आहे की नाही, हे आधी नियंत्रक ठरवतो. निराधार हरकतींमुळे अर्ज रखडतात, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच गैर नाही. परंतु कंपन्यांना हे शुल्क नगण्य असले, तरी रुग्णांना ते अडसर ठरू शकते.

शिवाय, स्वस्त औषध म्हणजे हाती आलेले औषध नव्हे. बेडाक्विलिन मोजक्याच केंद्रांवर मिळत असताना बिहारमधील एका तरुण रुग्णाला दिल्लीची रहिवासी नसल्याच्या कारणावरून ते नाकारले गेले. कुटुंबाला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

म्हणून रुग्णांच्या चळवळीपुढे आता दुहेरी काम आहे : हरकतीचा हक्क शाबूत राखणे आणि औषध गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचते की नाही, यावर लक्ष ठेवणे. यातील एक निसटले, तरी दुसऱ्याचा उपयोग उरत नाही.