हजानच्या शेजारचे एक वर्ष

जपानमधील योकोहामा बंदरात ज्यू व्यापाऱ्यांची वस्ती १८६१ च्या सुमारास सुरू झाली. आपल्या मुंबईच्या ससून पेढीचेही तेथे ठाणे होते. १८९५ च्या सुमारास तेथे ५० एक कुटुंबे होती आणि जपानमधील पहिले सिनेगॉग त्यांनी उभारले. पुढे १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने व आगीने शहर बेचिराख झाले. ज्यू मंडळी कोबेला गेली. योकोहामात मागे राहिली ती परदेशीयांच्या दफनभूमीतील हिब्रू अक्षरांची थडगी.

ही हकीकत वाचताना आम्हांस कोकणाची आठवण होते. तेथे नेमके उलट होते. शतकानुशतके आपल्या पूर्वजांपाशी सिनेगॉग नव्हते. पहिले उभारले ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी, मुंबईत, १७९६ साली. तरीही शनिवार पाळणे, सुंता आणि शेमा टिकून होते. दावीद रहाबीने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना निवडून शिकविले व ते काजी झाले, अशी आपली परंपरा सांगते. रहाबीच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष जाते ते एवढ्यावरच, की परंपरेला आठवतात ते त्याचे तीन शिष्य, एखादी वास्तू नव्हे. काजीपद मग पित्याकडून पुत्राकडे जात राहिले.

अध्यापन विद्यालयात शिक्षणशास्त्र कितीही वाचले, टाचण कितीही सुबक काढले, तरी मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असताना सराव पाठ घेतल्यावाचून शिक्षक घडत नाही. हजानचेही तसेच आहे. सेफेरमध्ये स्वरचिन्हे नसतात, हे खरे. पण छापील प्रतीवरून तो भाग घरी पाठ करता येतो. बार मित्स्वाच्या मुलाचा आवाज अडला तर किती हळू सांगावे? शिव्आच्या घरी किती वेळ बसावे, केव्हा उठावे? मलिद्याच्या वेळी ताट केव्हा पुढे घ्यावे, एलियाहू हनाबीचे गीत कोणत्या चालीवर उचलावे? शोहेत सुरीची धार नखावर पारखतो, ती नखाला कशी जाणवते? हे पुस्तकात कसे सापडणार?

येथे इस्रायलमध्ये आपली मुले हिब्रू अस्खलित बोलतात, म्हणूनच पालक निश्चिंत असतात. परंतु शाळेत त्यांना मलिदा कोणी शिकवीत नाही, आणि आपल्या तेफिलाच्या चालीही. ज्यांच्या कंठात त्या आहेत त्या हजानांचे केस पांढरे झाले आहेत.

म्हणून आमची सूचना अशी, की प्रत्येक सिनेगॉगने एका तरुणास एक वर्ष हजानच्या शेजारी उभे करावे; केवळ तेबावर नव्हे, लग्नात, मयतीत आणि आजाऱ्याच्या खाटेपाशीही. त्याला बसभाडे व थोडे मानधन द्यावे. फुकट सेवेची अपेक्षा फार दिवस चालत नाही. हजानांनीही (काहींना हे रुचणार नाही) अधूनमधून तेबा सोडून मागच्या बाकावर बसावे.

आरंभास एलूल महिन्यातील सेलिहोथ योग्य. पहाटे माणसे मोजकी असतात, चूक झाली तरी सांभाळून घेतली जाते. त्याआधी मुकादमांनी निदान एका मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांना विचारून ठेवावे.