समदर्शी पाऊस

पाऊस समदर्शी आहे, असे म्हणण्याची रीत आहे. तो हवेलीवर पडतो, तसाच झोपडीवरही पडतो. धनिकाची बाग भिजवितो, तसेच मजुराचे अंगणही भिजवितो. भूकंप, वादळ, पूर, उन्हाचा कडाका यांच्याविषयीही असेच बोलले जाते. निसर्गाच्या दरबारात लहानमोठा असा भेद नाही, हे खरेच आहे. परंतु निसर्ग भेद करीत नाही, म्हणून संकटही भेद करीत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. पाऊस आकाशातून येतो. संकट पुष्कळदा जमिनीवर तयार होते. मोठ्या शहरांकडे पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट दिसतो.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस पडला नाही. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली होती, आणि तीही समुद्राला ओहोटी असताना. त्या दुपारी तर मोठी भरती होती. पाण्याला समुद्रात जाण्यास वाट मिळेना. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी पात्र सोडून वाहू लागली. आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. हजारो लोकांनी ती रात्र कचेऱ्यांत, शाळांत आणि वाहनांत बसून काढली. त्या अतिवृष्टीत महाराष्ट्रात एक हजाराहून अधिक माणसे दगावली.

त्या दिवशी श्रीमंतही सुटले नाहीत. त्यांच्या मोटारी बुडाल्या, तळमजल्यावरचे किमती सामान वाया गेले. हे नुकसान खोटे नव्हे. परंतु पक्क्या इमारतीतील कुटुंबाला वरच्या मजल्यावर जाता आले. मोटारीचा विमा होता, बँकेत शिल्लक होती आणि महिनाअखेर पगार मिळणार होता. मिठीच्या काठावरील झोपडीला वरचा आसरा म्हणजे फार तर एक पोटमाळा! तेथे पीठ, तांदूळ, अंथरुणे, शिवणयंत्र आणि मुलांची पुस्तके एकाच खोलीत, जमिनीपासून हात-दोन हातांच्या उंचीवर ठेवलेली. ती खोली पाण्याने भरली, तेव्हा घर, कोठार आणि पोटापाण्याच्या उद्योगाची जागा ही तिन्ही एकदमच बुडाली. शिधापत्रिकाही चिखलात गेली. आणि मदत मागावयास गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो कागदपत्रांचाच. दोघांच्या हानीचा हिशेब रुपयांत मांडला, तर श्रीमंताचा आकडा मोठा भरेल. पण त्याच्यापाशी काय उरले आणि गरिबापाशी काय उरले, हे पाहिले, की खरी हानी कोणाची अधिक झाली ते कळते.

शिवाय पाणी ओसरले म्हणजे संकट संपते, असेही नाही. रोजावर काम करणाऱ्याचा जितके दिवस खाडा, तितके दिवस चूल थंड. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप पसरतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली. ज्याला चिखलपाण्यातून अनवाणी चालल्यावाचून गत्यंतर नाही, त्यालाच तो ताप आधी गाठतो.

काठावर पूर, तर उतारावर दरड. जुलै २००० मध्ये घाटकोपर येथे टेकडीचा भाग वस्तीवर घसरला आणि साठाहून अधिक माणसे गाडली गेली. २६ जुलै २००५ च्याच पावसात साकीनाक्याला तसेच घडले. २०१९ साली मालाडला आणि २०२१ साली माहूलला भिंती झोपड्यांवर कोसळल्या. ठिकाणे निराळी, वर्षे निराळी. परंतु वस्त्या एकाच प्रकारच्या.

यावर कोणी विचारील, की अशा धोक्याच्या जागी हे लोक राहतातच का? प्रश्न साधा आहे; पण त्याचे उत्तरही शांतपणे ऐकले पाहिजे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. इतकी माणसे हौसेने नाल्याकाठी जात नाहीत. शहरातील उंच, सपाट आणि कोरडी जमीन ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याला मिळते. उरते ती नाल्याची कड, टेकडीचा उतार आणि रुळांची बाजू. दूर कोठे स्वस्त जागा मिळेलही. परंतु पहाटे भाजीबाजारात हमाली करणाऱ्याने किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने रोज तेथून यावे कसे, आणि मिळकतीतला किती भाग प्रवासावर घालवावा? धोका वर्षातून एखादे वेळी येतो, भूक मात्र रोज येते. तेव्हा माणूस भुकेची सोय आधी पाहतो.

नाले तुंबतात ते झोपडीवाल्यांच्या कचऱ्याने, असाही एक आक्षेप आहे. नाल्यात कचरा टाकणे वाईटच. त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु मिठी नदीचा इतिहास पाहिला, तर दोष एकट्या झोपडीवर ढकलता येत नाही. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिचा प्रवाह वळवावा लागला. जेथे भरतीचे पाणी पसरत असे, त्या दलदलीवर भर घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. कारखान्यांची आणि गोठ्यांची घाणही तिच्यातच आली. नदीची जागा घेण्यात सर्वांचा हात आहे; मग पुराचे माप एकाच्याच पदरात का पडावे?

या प्रश्नाला उपाय नाही, असे समजण्याचे कारण नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६ अंशांवर गेले आणि त्या महिन्यात तेथे नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. उन्हात राबणाऱ्यांना आणि तापलेल्या पत्र्याखाली राहणाऱ्यांना अशा उष्णतेचा जाच सर्वांत अधिक. त्या शहराच्या महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेच्या निवारणाची योजना आखली. लाट येण्यापूर्वीच लोकांना सूचना द्यावयाची, पिण्याच्या पाण्याची सोय करावयाची, दवाखाने सज्ज ठेवावयाचे; पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंगही देण्यात आला. ऊन थांबविणे कोणाच्या हाती नव्हते. छपराला चुना लावणे हाती होते.

मुंबईतही २००५ नंतर पाणी उपसणारी मोठी केंद्रे उभी राहिली आणि नदीचे पात्र रुंद करण्याचे काम झाले. हे सारे हवेच. परंतु एवढ्याने भागणार नाही. धोक्याच्या उतारावरील कुटुंबांना सुरक्षित घर मिळाले पाहिजे, आणि ते त्यांच्या कामाच्या जवळ मिळाले पाहिजे. माणसांना उचलून जेथे रोजगार नाही, शाळा नाही, अशा ठिकाणी नेऊन ठेवणे याला पुनर्वसन म्हणता येणार नाही. ती माणसे पुन्हा नाल्याकाठीच परत येतील. घरे मिळेपर्यंत पावसाळ्यापूर्वी नाले साफ व्हावेत, इशारा वस्तीपर्यंत वेळेवर पोहोचावा, आणि इशारा मिळाल्यावर कोठे जावयाचे, ती जागाही ठरलेली असावी. जावयास जागा नसेल, तर इशाऱ्याचा उपयोग काय?

हा केवळ दयेचा प्रश्न नव्हे. शहराच्या इमारती बांधणारे, रस्ते झाडणारे, गटारे उपसणारे, भाजी आणि दूध दारी पोहोचविणारे पुष्कळसे हात याच वस्त्यांतून येतात. पूर ओसरल्यावर शहराचा चिखल काढावयासही तेच पुढे येतात, आणि तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरातला चिखल तसाच असतो. जे शहर त्यांच्या श्रमावर उभे आहे, त्याने त्यांना कोरडी आणि निर्भय जागा देणे हे उपकार नसून देणे फेडणे आहे. पावसाला समदर्शी होण्यास कोणी शिकविले नाही. नगराला मात्र ते शिकावे लागेल.