सेंट आइव्हजचा सव्वाचार मैलांचा फाटा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, १ जून १८७७ रोजी सेंट अर्थ ते सेंट आइव्हज हा सव्वाचार मैलांचा रेल्वेफाटा सुरू झाला. सात फूट अंतराच्या रुळांवर बांधलेला तिथला हा शेवटचा नवा प्रवासी मार्ग. १८९२ मध्ये ते रूळ गेले, नेहमीच्या मापाचे आले. फाटा मात्र टिकला. कसा टिकला, हे त्याच्या वर्धापनदिनी आठवायला हवं.

गाव कोळ्यांचं. आपल्या तारलीच्या कुळातल्या पिल्चर्ड माशावर जगणारं. गाडी आली आणि मासळी दूरच्या बाजारात पोचू लागली. परतीच्या गाडीने चित्रकार आले, उन्हाळी पाहुणे आले. लेस्ली स्टीफन यांनी इथलं टॅलंड हाउस भाड्याने घेतलं. त्यांची लेक म्हणजे लेखिका व्हर्जिनिया वूल्फ. तिच्या लहानपणीचे उन्हाळे इथल्याच उपसागराकाठी गेले.

या गाडीत जाताना उजव्या खिडकीशीच बसावं. आधी हेल नदीची खाडी लागते. ओहोटीला तिथे नुसता चिखल आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी. लेलंट मागे पडलं की रूळ कड्याच्या अंगाने चढतात, खाली पांढरी वाळू पसरते. कार्बिस बे गेलं, एक वळण सरलं, की समोर बंदर. सगळा प्रवास जेमतेम पाव तासाचा.

१९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने हा फाटा बंद करायची शिफारस केली. १९६६ मध्ये वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी ती फेटाळली. असलेली रेल्वे मोडायची आणि त्याच पाहुण्यांसाठी रस्ते रुंद करत पैसा ओतायचा, हा व्यवहार त्यांना मुळीच पटला नाही. त्यांचं बरोबर होतं. सेंट आइव्हजच्या चिंचोळ्या गल्ल्यांत मोटारी मावतच नाहीत. म्हणूनच १९७८ पासून मोटार गावाबाहेर ठेवून रेल्वेने गावात यायची सोय झाली. २०१९ मध्ये त्यासाठीचा वाहनतळ सेंट अर्थला हलला.

एक गोष्ट मात्र खटकते. १९७१ मध्ये जुनं स्टेशन पाडून तिथे वाहनतळ केला आणि स्टेशनच्या वाट्याला उरला एक साधा फलाट. तो निर्णय चुकीचाच होता. तरीही त्याच फलाटावरून उतरून माणसं आज थेट पोर्थमिन्स्टरच्या किनाऱ्यावर जातात. १ जून २०२७ रोजी या मार्गाला १५० वर्षं पूर्ण होतील. १९६६ चा तो निर्णय झाला नसता, तर त्याने नव्वदीही गाठली नसती.