लाल नकाशा अन् आमचा ताण

मार्च लागला की हवामान खात्याचा नकाशा मोबाइलवर येतो. मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज. जवळजवळ अख्खा देश लाल-भगवा, आणि त्याखाली कुणीतरी हौसेने लिहिलेलं असतं, 'यंदा विदर्भ भाजून निघणार!' मोझरीच्या आमच्या ग्रुपवर तो एकाच सकाळी चार जण टाकतात. मग दिवसभर हसण्याचे स्टिकर. विदर्भात उन्हाळा तापणार, ही काय बातमी झाली का राव?

आमच्या घरी मात्र त्या नकाशावर कुणी हसत नाही. बाबा चष्मा लावून तो मोठा करून पाहतात आणि परत माझ्या हातात देतात. "काय म्हन्ते तुया मोबाइल? मे मधी पानी येईन का नाई?"

मी म्हणतो, "बाबा, हा तापमानाचा नकाशा आहे."

"मंग तो मले कायले दाखवतं? उन्ह तं मले दिसतेच. ताण द्याचा का नाई ते सांग."

ज्यांच्या घरी संत्रा नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तिवसा, मोर्शी, वरूड पट्ट्यात संत्र्याचे दोन बहार. आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो, मृग पावसाबरोबर. मृग घ्यायचा तर झाडाला आधी उपाशी ठेवावं लागतं, म्हणजे पाणी तोडायचं. जमीन हलकी असेल तर महिनाभर, भारी काळी असेल तर दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पाहवत नाही. पण त्या ताणावरच जूनच्या पावसात फूल निघतं. मधेच मे महिन्यात दोन दणके अवकाळीचे बसले की ताण तुटला. झाड पालवी फोडतं, बाग हिरवीगार दिसते, रस्त्याने जाणारा म्हणतो काय मस्त बगीचा आहे! आणि फूल नाही. वर्षभराचा हिशोब तिथंच संपतो.

म्हणून उन्हाळ्याचा अंदाज आमच्यासाठी 'कूलर केव्हा काढायचा' एवढ्यापुरता नसतो. एप्रिलमध्ये घेतलेला एक निर्णय असतो आणि तो मागे घेता येत नाही.

2025 चंच घ्या. खात्याने उन्हाळा नेहमीपेक्षा गरम सांगितला होता, उष्णतेच्या लाटेचे दिवस जास्त सांगितले होते. एप्रिलमध्ये विदर्भात पारा 45 अंशांच्या घरात गेलाही. लोक म्हणाले, बरोबर आहे. मग मे आला आणि नुसता पाऊस! मान्सून 24 मे रोजी केरळात, 26 मे रोजी मुंबईत. नवतपा तापलाच नाही, आमचा कूलर कोपऱ्यात पडून. आणि एवढ्या घाईने आलेला मान्सून विदर्भाच्या बऱ्याच भागात जूनच्या मध्यापर्यंत यायलाच तयार नाही. कृषी विभाग पेरणीची घाई करू नका म्हणून सांगत होता. मेच्या ओलीवर भुललेल्यांचं काय झालं असेल ते शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको.

पानठेल्यावर लगेच निकाल लागला. "हवामानवाल्याईले काई समजत नाई."

मला हा निकाल मान्य नाही. पण खातं एकदम निर्दोष आहे असंही नाही.

नकाशातला लाल रंग 'तापणारच' असं सांगत नाही, 'तापण्याची शक्यता जास्त' एवढंच सांगतो. सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा कमी असे तीन कप्पे. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाला 33 टक्के. एखाद्या भागात 60 टक्के लिहिलं असेल, तर असे दहा उन्हाळे आले तर सहा तापतील, चार नाही तापणार. ते चार कुठे लिहिलेले असतात? नकाशावर दिसत नाहीत, बातमीत तर नाहीच नाही. शिवाय हा तीन महिन्यांचा हिशोब. एप्रिल जळाला आणि मे भिजला, तरी त्याच्या लेखी तो एकच उन्हाळा असतो. बाबांना हवं ते उत्तर त्यात नसतंच. ते थोडंफार असतं खात्याच्या दर गुरुवारी येणाऱ्या पुढच्या काही आठवड्यांच्या अंदाजात, आणि महिनाअखेरीस नव्याने येणाऱ्या पुढच्या महिन्याच्या अंदाजात. तो कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात 'भाजून निघणार' नसतं ना!

आता भेंडवळ. बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातली घटमांडणी. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून भाकीत. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. गुरुकुंजात वाढलेल्या पोराने ठेवावा तरी कसा? राष्ट्रसंतांनी उभी हयात अंधश्रद्धेवर बोलण्यात घातली. पण पहाटे तिथे गर्दी का होते, हे मला कळतं. तिथे कुणी '33 ते 55 टक्के' म्हणत नाही. जून साधारण, जुलै चांगला, कपाशी मध्यम. चार वाक्यं, आपल्या भाषेत, आपल्या पिकांची नावं घेऊन. खात्याचा अंदाज खरा असूनही इथे हरतो. बोलण्यात हरतो.

आणि जो माणूस हे भाषांतर करू शकला असता, तोच काढून टाकला. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांमध्ये 2018 पासून हवामान कक्ष सुरू झाले होते, देशभरात 199. 2024 मध्ये ते बंद करायला सांगितलं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून दर मंगळवार-शुक्रवार सल्ला निघतो, तो चांगला असतो, पण किती गावांत तो कुणी मोठ्याने वाचून दाखवतं?

गंमत म्हणजे उष्णतेच्या लाटेची व्याख्याही आपल्यासाठी नीट बसत नाही. मैदानी भागात पारा 40 पार आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा थेट 45. आमच्याकडे मे महिन्याची सरासरीच 42 च्या आसपास. म्हणजे 44 अंशांत जो मजूर बगीच्यात आळे करतोय, त्याच्यासाठी कागदावर लाट नाही. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हापायी कलम 144 लावावं लागलं, तेव्हा कुठे कामाच्या जागी पाणी आणि पंखे देण्याचा हुकूम निघाला.

उन्हाळा म्हणजे फक्त ऊन, हेही डोक्यातून काढायला पाहिजे. 9 एप्रिल 2023 ला पारसला वादळात कडूनिंबाचं जुनं झाड मंदिराच्या टिनाच्या शेडवर पडलं. पावसापासून आडोसा घेतलेली माणसं होती आत. सात जण गेले. असा दिवस तीन महिन्यांच्या नकाशात कधीच दिसणार नाही. तो काही तास आधीच्या इशाऱ्यात दिसतो, फोनवर पाहिला तर. आम्ही पोरं त्या वेळी फोनवरच असतो, आयपीएल पाहत.

माझं मागणं फार मोठं नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर गुरुवारचा अंदाज आपल्या बोलीत लिहा, टक्के नको, 'दहापैकी सहा' असं. अन् मागच्या वेळी काय सांगितलं होतं आणि काय झालं, हे त्याच्याच बाजूला लिहा. पेपरवाल्यांनीही लिहा. चुकलं तर चुकलं म्हणा, लोक उलट जास्त ऐकतील. फळ्यावर लिहायला माणूस नसेल तर आम्ही कॉलेजची पोरं आहोत की. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर अर्धं गाव तिथंच बसलेलं असतं, दहा मिनिटं वाचून दाखवायला काय जातं?

घरापुरती सुरुवात मी केली आहे. दर गुरुवारी रात्री बाबांना वाचून दाखवतो. गेल्या वेळी म्हटलं, "दहापैकी चारदा पाणी येऊ शकते, बाबा."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग अर्ध्या बगीच्याले ताण देऊ. अर्धा राहू दे."