चाकांवरच्या रणरागिणी
पायांत चार चाकांचे बूट, डोक्यावर हेल्मेट आणि समोरच्या खेळाडूला खांद्याने बाजूला सारण्याची तयारी! हा खेळ म्हणजे रोलर डर्बी. १९३५ साली शिकागोत लिओ सेल्त्झर यांनी तो सुरू केला. मध्यंतरी तो मागे पडला. पण २००१ नंतर टेक्सासमधील ऑस्टिन शहरातल्या महिलांनी त्याला पुन्हा उभे केले.

प्रत्येक संघाच्या पाच जणी लंबगोल धावपट्टीवर उतरतात. हेल्मेटवर चांदणी असलेली ती जॅमर. एकदा घोळका पार केला की, पुढच्या फेऱ्यांत ती प्रतिस्पर्धी संघातील जितक्या जणींना मागे टाकेल तितके गुण. बाकीच्या चौघी तिला वाट करून देतात आणि दुसऱ्या जॅमरला अडवतात.

या खेळाचे चाहतेही निराळेच. धावपट्टीच्या कडेला जमिनीवर बसणे त्यांना सर्वांत प्रिय. तोल गेलेली खेळाडू थेट मांडीवर येऊन पडेल, ही धास्ती हीच त्यातली मजा! खेळाडूंची गमतीदार टोपणनावे त्यांना तोंडपाठ असतात.

पण नुसत्या टाळ्यांनी भागत नाही. या हौशी खेळाडूंना मानधन नसते. उलट त्याच वर्गणी भरतात आणि नोकरी सांभाळून सराव करतात. म्हणून चाहत्याचे तिकीट हा मोठा आधार. तिकिटे विकायला, गुण मांडायलाही स्वयंसेवक लागतात, ते बरेचदा प्रेक्षकांतूनच येतात. एखादी प्रेक्षक तर पुढच्या हंगामात स्वतःच चाकांचे बूट बांधते.

वाहवा करणारे पुष्कळ भेटतात. सामना संपल्यावर खुर्च्या आवरायला थांबतो, तोच खरा चाहता.