पांचव्या पानाची आशा

जालना जिल्ह्यांतील अंबडहून आमचे एक वयोवृद्ध वाचक लिहितात कीं, दिवाळींत घरीं जमलेल्या मुलांनीं तीनपत्ती सोडून पोकर मांडला. हटकलें असतां पुतण्या उत्तरला, ‘काका, हा जुगार नव्हे, हें गणित आहे.’ मुलाचें म्हणणें कितपत खरें, असा त्यांचा प्रश्न आहे. (मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचा प्रश्नच नको, २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें त्यास बंदी करणारा कायदा केला आहे.)

गणित आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण तें कोणाच्या बाजूचें, हें पुतण्यानें काकांस सांगितलेलें दिसत नाहीं.

पोकरच्या जुन्या प्रकारांत प्रत्येकास पांच पानें मिळतात व नकोसें पान एकदां बदलून घेतां येतें. समजा, चार बदाम व एक इस्पिक आलें. पांचवा बदाम मिळाल्यास हात भारी होतो. कॅटमध्यें पानें ५२. पांच आपणांस दिसलीं, राहिलीं ४७. त्यांत बदाम ९. तीं पानें गठ्ठ्यांत असोत कीं दुसऱ्याच्या हातीं, आपणांस अदृश्यच असल्यानें हिशेब बदलत नाहीं. म्हणजे ४७ वेळांत ९ वेळां. शेंकडा सुमारें १९. पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी अशी ओळ असल्यास दोन्ही टोकांचीं मिळून ८ पानें उपयोगी, शेंकडा १७. मधलेंच पान हवें असेल तर अवघीं ४, शेंकडा साडेआठ.

खरी मेख पुढें आहे. हात जमला म्हणजे डाव आपलाच, असें क्षणभर धरूं. डावांत शंभर रुपये पडले असून पुढची चाल वीसची असेल, तर ४७ वेळांत ९०० येतात आणि ७६० जातात, खेळणें शहाणपणाचें. तीच चाल तीसची झाली कीं जाणार ११४०! पानें तींच, आशा तीच, निकाल मात्र उलटा. म्हणून हें गणित जाणणारा पुष्कळदां पानें मुकाट्यानें खालीं ठेवतो. पुतण्यानें तीं किती वेळां ठेवलीं, एवढेंच काकांनीं विचारावें.

‘चार वेळां हुकलें, आतां येणारच,’ हें वाक्य तर घरोघरीं ऐकूं येतें. पानांस स्मरण नसतें. असा हात पांच वेळां आला तरी पांचही वेळां हुकण्याचा संभव एक-तृतीयांशाहून किंचित् अधिकच आहे.

महाभारताच्या वनपर्वांत, जालन्याच्या शेजारच्याच विदर्भाकडे जातांना, ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें नुसत्या नजरेनें सांगतो. नल तें ऐकून स्वस्थ बसत नाहीं. झाड पाडून स्वतः मोजतो, आणि मगच अक्षविद्या शिकतो. त्या काळीं फासेही बेहड्याच्या फळांचेच असत!

तेव्हां मुलांस रागें भरण्याऐवजीं मोजणीस बसवावें. पैशांच्या जागीं चिंचोके द्यावे. चार बदाम व एक इस्पिक बाजूस काढून उरलेलीं ४७ पानें पिसावीं, वरचें पान उलटून टिपून ठेवावें, पुन्हां मिसळावें; असें शंभर वेळां. बदाम एकोणीसच्या आसपास येतील. नेमके एकोणीसच येतील असें नाहीं, आणि टिपण ठेवण्याचें काम पुतण्याकडेच असावें.