फोटो आहेत, साक्ष कोठे आहे?

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला सहलीला जाऊन आली. परतल्यावर शेकडो फोटो पाहण्यात आले. मंदिर, डोंगर, आणि प्रत्येक दृश्यापुढे आपण! पाटणच्या शिलालेखाविषयी कोणी काही ऐकले का, असे आम्ही विचारताच उत्तर मिळाले, "फोटो काढले ना, म्हणजे इतिहास जपलाच!" या समजुतीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' रचणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने पाटण येथे मठ स्थापिला. ही हकिकत आपणांस ठाऊक आहे ती शके ११२८ च्या शिलालेखामुळे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असून बाजारातील मालाचा कोणता वाटा मठाला द्यावा, हे त्यात नमूद आहे. गणित शिकणाऱ्यांच्या पोटाला बाजारपेठेचा आधार होता! मंदिराचा कोणता फोटो हे सांगेल?

"पण कॅमेरा खोटे बोलत नाही," असे कोणी म्हणेल. त्याने चाळीसगावातच केकी मूस यांच्या घरी जावे. १९१२ साली जन्मलेले हे थोर छायाचित्रकार १९८९ साली निवर्तले. आयुष्याची कित्येक दशके ते घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, प्रकाश योजून त्यांनी अस्सल भासणारे देखावे टिपले. ती कला होती आणि त्यांनी ती कला म्हणूनच जगापुढे ठेवली. आपण मात्र आपल्या फोटोंना पुरावा समजतो. पाहणाऱ्याला जे दिसते ते कोणी, केव्हा, कशासाठी उभारले, हे चित्र आपण होऊन सांगत नाही.

वाचकहो, दोष केवळ सहलीचा नाही. वसईच्या किल्ल्यातील पडकी चर्चेस आपल्या लग्नाच्या आल्बममध्ये नुसता पडदा होऊन बसली आहेत. कित्येक गावांतील जुनी चर्चेस पाडून नवी बांधली गेली. जुन्या वेदीचे आता जे काही उरले आहे, ते वधूवरांच्या खांद्यांमागे अर्धेमुर्धे दिसते. ती वेदी कोणत्या सुताराने घडविली? लाकूड कोणी दिले? जाणते वृद्ध एकेक करून प्रभूच्या घरी चालले आहेत आणि आपण नवे फोटो काढण्यात दंग आहोत!

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक घराने आपल्याकडील जुन्या चर्चच्या एका तरी फोटोमागे साल, स्थळ आणि माहीत असलेली नावे शाईने लिहावीत. मोबाईलमधील फोटो असेल, तर तो छापून घ्यावा. आजीआजोबांना विचारूनच लिहावे, आणि ते आजच विचारावे. पाटणच्या लोकांनी आपला हिशेब दगडावर कोरून ठेवला. आपल्याला कागदावर चार ओळी लिहिणे जड का व्हावे?